गॅरेजमध्ये गेली की बरी होणारी गाडी

मिशिगनमधल्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या जुन्या पिकअप ट्रकला फोर व्हील ड्राइव्हचं बटण आहे. ते दाबलं की कधी चारही चाकं इमानेइतबारे ओढतात, कधी डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकतो. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते. स्कॅनर लावला, कोड निघाला, मोटर बदलली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. हे भूत कुठलं, असं ते विचारतात.

लूज कनेक्शन, असं आपला कुठलाही वायरमन गाडी न बघता सांगेल आणि बहुतेक वेळा ते खरंही निघेल. पण कनेक्शन लूज म्हणजे नेमकं काय?

पूर्वी गिअरशेजारी आणखी एक दांडा असे. तो ओढला की ट्रान्सफर केसमधले, म्हणजे पुढच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या पेटीतले, दाते थेट जुळत. आता बटणाचा निरोप मोड्यूलकडे, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरकडे जातो, मोड्यूल ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर फिरवतं आणि ती कुठवर फिरली ते सेन्सर परत कळवतो. ठरलेल्या वेळात मोटर जागेवर पोचली नाही, तर मोड्यूल नाद सोडतं. या साखळीतल्या तारा जोडणारे काही कपलर गाडीच्या पोटाखाली, चिखलपाण्यात. मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठही त्यांच्या वाट्याला येतं. (मोटारींचं शहर डेट्रॉइट चक्क मिठाच्या खाणीवर वसलंय, खाण जमिनीखाली सुमारे ३५० मीटरवर. वर गाड्या बनतात, खाली त्यांना खाणारा माल!)

दोन धातू एकमेकांना टेकले की खरे कुठे टेकतात, या प्रश्नामागे रॅग्नार होल्म (१८७९-१९७०) या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाने उमेदीची वर्षं घालवली. बर्लिनला सीमेन्समध्ये काम करताना त्यांनी विद्युत संपर्कांवर जो ग्रंथ लिहिला, तो १९४१ साली जर्मनमध्ये निघाला. ओहमचा नियम शाळेतल्या पोरांना पाठ असतो. होल्म यांचं नाव मात्र इंजिनिअरांनाही सहसा ठाऊक नसतं. हा अन्यायच म्हणायचा. त्यांच्या नावाची परिषद मात्र आजही भरते.

नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी कपलरमधली पिन सूक्ष्म पातळीवर डोंगराळ असते. केंब्रिजचे फिलिप बाउडन म्हणत, दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवणं म्हणजे स्वित्झर्लंड उलटा करून ऑस्ट्रियावर ठेवणं. आपण सह्याद्री उचलून सातपुड्यावर पालथा घालू. किती शिखरं टेकतील? तेवढ्याच ठिपक्यांतून सगळा करंट दाटीवाटीने जातो. गाडीच्या थरथरीने आणि थंडी-उन्हाच्या फरकाने पिना काही मायक्रोमीटर मागेपुढे घासतात. कथिलाचा मुलामा सोलवटतो, उघड्या कथिलावर ऑक्साइड धरतं आणि त्याचा काळपट भुगा नेमका त्या ठिपक्यांत साचतो. पुढचा धक्का तो बाजूला सारतो, करंट वाहू लागतो. त्यानंतरचा धक्का पुन्हा अडवतो.

मोटर बदलताना मेकॅनिक कपलर उपसतो आणि परत दाबून बसवतो. त्या घासण्यानेच पिना साफ होतात. बिघाड थोडे दिवस पळतो आणि श्रेय खाते नवीन मोटर!

स्कॅनरचा माझ्यापुरता दरारा इथेच संपतो. मोटर वेळेत पोचली नाही, एवढंच कोड सांगतो. का पोचली नाही ते सांगत नाही. मोटर बंद असताना डिजिटल मीटरही फसवतो. त्याचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असल्याने मापताना जेमतेम १ मायक्रोअँपिअर करंट वाहतो. एवढ्याशा करंटला सडका जोडही पुरतो, म्हणून मीटर खुशाल १२.४ व्होल्ट दाखवतो. जोडात फक्त ०.४ ओहम रोध असला, तरी मोटरने १० अँपिअर ओढताच तिथे ४ व्होल्ट खर्ची पडतात आणि मोटरच्या वाट्याला ८.४ उरतात. जुने वायरमन तारेला हेडलाइटचा बल्ब लावून बघतात, त्यात खरं शास्त्र आहे. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो आणि जोडाचं पितळ उघडं पडतं.

तेव्हा वाचकमहाशय, चाकांना ठोकळे लावा आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मोटरला करंट पुरवणाऱ्या मोड्यूलच्या अर्थच्या तारेवर धरा. मग घरच्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा. मोटर फिरू पाहत असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर चोर अर्थमध्येच आहे. नसेल, तर तसंच पॉझिटिव्ह बाजूला मोजा आणि मोजताना तारांचा जुडगा (हार्नेस) हलवत राहा. हे होईपर्यंत दुसरी मोटर विकत घेऊ नका.