‘उपयोग काय?’ या प्रश्नाचे उत्तर

ठाणे, डोंबिवली वा कल्याणच्या मध्यमवर्गीय घरातील मुलाला गणिताची गोडी लागली, की त्याची पुढची वाट बहुधा ठरून जाते : शिकवणी वर्ग, प्रवेश परीक्षा आणि अभियांत्रिकी. शुद्ध गणित शिकावे असे तो म्हणालाच, तर ‘त्याचा उपयोग काय?’ एवढ्या एका प्रश्नाने त्याचे तोंड बंद केले जाते. प्रश्न गैर नाही. त्याचे गृहीत धरलेले उत्तर मात्र खरे नाही. सान्त क्षेत्रांवरील घातांकी बेरजांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

घड्याळाच्या तबकडीवर बाराऐवजी सातच घरे आहेत असे समजू. शून्य ते सहा यांपैकी प्रत्येक संख्येचा वर्ग करावा, त्याला सातने भागून जी बाकी उरेल त्या घराच्या दिशेने एक एकक लांबीचा बाण काढावा आणि सातही बाण एकापुढे एक जोडावेत. सर्वांची दिशा एक असती तर एकूण लांबी सात भरली असती. प्रत्यक्षात ते एकमेकांना खोडतात आणि उरते नेमके सातचे वर्गमूळ. सातऐवजी १०,००७ ही मूळ संख्या घेतली, तर तितक्या बाणांतून जेमतेम शंभराएवढी लांबी शिल्लक राहते. गाउस यांना हे ठाऊक होते.

वर्गाच्या जागी अधिक गुंतागुंतीचे सूत्र आले की प्रश्न बिकट होतो. त्यावरचा उपाय म्हणजे एल-फलन. मूळ क्षेत्रावर उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या क्षेत्रांतही तीच बेरीज करावयाची आणि त्या साऱ्या बेरजा एका सूत्रात गुंफावयाच्या. बेरजा अनंत, पण क्लूस्टरमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेरजेसाठी ते सूत्र एका वर्गबहुपदीत मावते. तिच्या दोन मुळांचा आकार आंद्रे वेल यांनी ठरवून दिला, आणि बेरीज वर्गमूळाच्या दुपटीपलीकडे जात नाही हे १९४८ साली सिद्ध झाले. एकट्या बेरजेने जे सांगितले नाही, ते तिच्या कुळाने सांगितले.

आता उपयोगाकडे वळू. डोंबिवलीत रिक्षा शोधणारा मोबाइल ज्या जीपीएस उपग्रहांचे संदेश ऐकतो, ते एकाच कंप्रतेवर बोलतात. प्रत्येकाची खूण १,०२३ चिन्हांची असते. खूण स्वतःशी जुळली तर बेरीज १,०२३ येते. दोन वेगळ्या उपग्रहांच्या खुणा कशाही सरकवून ताडल्या तरी ती ६५च्या पुढे जात नाही. रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ साली मांडलेली ही रचना १,०२४ घटकांच्या सान्त क्षेत्रावर उभी आहे. त्या संख्येचे वर्गमूळ ३२, त्याची दुप्पट ६४. ही बेरीजही त्याच कुळातली. आणि गाउस यांच्यासमोर उपग्रह नव्हते!

वेल १९३० ते १९३२ या काळात अलीगढला प्राध्यापक होते. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९३१ साली त्यांच्याच निमंत्रणावरून तेथे गेले. कोसंबींचे संशोधन या बेरजांवरचे नव्हे. पण जागतिक गणिताशी मराठी माणसाचे नाते किती निकटचे होते, हे यावरून दिसते. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. ती गाडी कल्याण, डोंबिवली, ठाणे ओलांडून जाई. उच्च गणित या रुळांवरून गेले. वाटेतल्या गावांत ते फारसे उतरले नाही.

ते आता उतरावयास हवे. पेंढरकर, बिर्ला, बांदोडकर यांसारखी महाविद्यालये येथे आहेत; गणिताची ओढ असलेली मुलेही आहेत. या मुलांनी रोज गर्दीत लोंबकळत दक्षिणेकडे जावे, एवढीच अपेक्षा आपण आजवर केली. संशोधन संस्थांतील गणितज्ञांनी महिन्यातून एक दिवस उलट दिशेच्या गाडीत बसावे, महाविद्यालयांनी त्यांच्यासाठी फळा मोकळा ठेवावा, आणि त्या तासाला परीक्षेचा अभ्यासक्रम नसावा. यास फार पैसा लागत नाही. सकाळी त्या दिशेच्या गाड्यांत बसावयास जागाही मिळते.