माप्पे : आपलं माप आपल्या हातात

जर्मनीत नव्यानं आलेल्या माणसाची टेर्मिन, आनमेल्डुंग या शब्दांशी पहिल्या आठवड्यातच ओळख होते. ‘माप्पे’ हा शब्द मात्र नोकरीचा किंवा प्रवेशाचा विचार सुरू झाला की मगच भेटतो. बेवेर्बुंग्समाप्पे म्हणजे अर्जाला जोडायचा कागदपत्रांचा संच. मराठी कानाला त्यात ‘माप’ ऐकू येतं आणि ते अगदीच चुकीचं नाही. समोरचा माणूस आपलं माप याच कागदांवरून काढतो.

फाइल आपल्याकडेही असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, बी.एड., शाळा सोडल्याचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात. ती जपायची फाइल. माप्पे वाचायला द्यायची असते, म्हणून तिचा क्रम ठरलेला असतो. आधी एक पानी पत्र (आनश्राइबेन), मग लेबेन्सलाउफ, मग प्रमाणपत्रं, त्यातही सर्वांत अलीकडचं वर. हल्ली हे सगळं एकाच पीडीएफमध्ये ईमेलनं जातं, तरी नाव माप्पेच राहिलं आहे.

लेबेन्सलाउफचा अर्थ आयुष्याची वाटचाल. बायोडाटा म्हटलं की आपल्याला उंची, गोत्र आणि मामांचं गाव आठवतं. इथे वडिलांचा व्यवसायही लिहायचं कारण नाही. २००६मध्ये समान वागणुकीचा कायदा आला, तेव्हापासून फोटो देणंही बंधनकारक राहिलेलं नाही. पुष्कळ लोक अजून लावतात, ते सवयीनं.

खरी मेख आहे ती गुणांत. इथे १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे नापास. परदेशी गुण बदलून घेण्यासाठी विद्यापीठं साधारणपणे एक सूत्र वापरतात, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागायचं, ३ने गुणायचं आणि १ मिळवायचा. जिथे ४०ला पास होतात, तिथले ६० टक्के या हिशेबानं बरोबर ३.० होतात. जर्मन भाषेत ३ म्हणजे ‘समाधानकारक’. ज्या फर्स्ट क्लासचे आपण गल्लीभर पेढे वाटले, तो इथे नुसता समाधानकारक! म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं श्रेणींचं कोष्टक जोडायला विसरू नये. विद्यापीठात क्रमांक आला असेल तर तोही लिहावा. आपल्याकडे मराठी विषयात ७० मिळवणं म्हणजे काय, हे त्या आकड्यांना स्वतःहून सांगता येत नाही.

दुसरी अडचण नावाची. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि मधे वडिलांचं नाव. विद्यापीठाचंही तेच. पुणे विद्यापीठ २०१४मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळे माझ्या वयाच्या बायकांच्या पदवीवर एक नाव आणि आजच्या यादीत दुसरं. विवाह प्रमाणपत्राचं भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्यावं आणि नावबदलाची एक ओळ लेबेन्सलाउफमध्येच लिहून टाकावी.

तिसरी गोष्ट अनुभवपत्राची. मी गावी ज्या शाळेत शिकवत होते, तिथून मला चार ओळी मिळाल्या: अमुक ते अमुक काळात काम केले, वर्तणूक चांगली. जर्मन आरबाइट्सत्सॉयग्निस दीड-दोन पानांचं असतं, आणि ते मागण्याचा कर्मचाऱ्याला कायद्यानं हक्क आहे. ते खरं असावं लागतं. न्यायालयं सांगतात, ते सद्भावनेनंही लिहिलेलं असावं. त्यामुळे तिथे वाईट कोणी लिहीत नाही, आणि चांगल्याच्याच पायऱ्या झाल्या आहेत. ‘नेहमीच आमच्या पूर्ण-पूर्ण समाधानास उतरल्या’ म्हणजे पहिला नंबर. ‘समाधानास उतरल्या’ म्हणजे जेमतेम. ‘त्यांनी प्रयत्न केला’ म्हणजे नापास. अशा देशात आपलं ‘वर्तणूक चांगली’ किती फिकं वाचलं जात असेल! ज्यांना शक्य आहे त्यांनी जुन्या मुख्याध्यापकांना किंवा साहेबांना विनंती करून कोणते वर्ग, किती मुलं, कोणती जबाबदारी हे सविस्तर लिहून घ्यावं.

आणि मग ती रिकामी जागा. लेबेन्सलाउफमध्ये काही महिन्यांचा खंड दिसला, तरी इथे विचारतात. आपल्यापैकी कितीजणींच्या कागदावर पाच-सात वर्षांचा खंड आहे! नवऱ्याची नोकरी, मूल, भाषा, पुन्हा मूल. तो लपवू नये. ‘कुटुंबाची जबाबदारी’ असं महिना-वर्षासकट लिहावं आणि त्या काळात केलेलं खाली नोंदवावं: जर्मनची बी-२ परीक्षा, किंडरगार्टनच्या पालक मंडळातलं काम, आपल्या मंडळातल्या मुलांना शिकवलेलं मराठी, गणेशोत्सवाचा हिशेब. एरेनआम्ट, म्हणजे विनामोबदला केलेलं समाजकार्य, इथे मानानं वाचलं जातं. आपणच आपली पाठ थोपटायची नाही, हे आपल्यावर लहानपणापासूनच बिंबलेलं असतं. पण केलेल्या कामाची नोंद ठेवणं म्हणजे पाठ थोपटणं नव्हे. शाळेचं हजेरीपत्रक आपण लाजत थोडंच भरत होतो?

शिक्षिकांसाठी वाट लांबची आहे. इथल्या शिक्षकाला साधारणपणे दोन विषय लागतात आणि पदवीनंतर बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये १८ महिन्यांची उमेदवारी. आपली एका विषयातली एम.ए. तिथे जशीच्या तशी बसत नाही. मात्र ज्या व्यवसायांना सरकारी परवान्याची गरज नसते, त्यांच्यासाठी बॉनमधल्या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीचं मूल्यमापन करून मिळतं. ‘फ्राउ उंड बेरूफ’ या महिलांच्या सल्ला केंद्राची शाखा कार्ल्सरूहेतही आहे. तिथे जाताना अर्धवट माप्पे घेऊन गेलं तरी चालतं.

मुलांचं मात्र वेगळं. गिम्नाझियममध्ये ‘बोगी’ आली की मुलांना आठवडाभराच्या अनुभवासाठी स्वतः अर्ज करावा लागतो. तो त्यांनाच लिहू द्यावा, आपण फक्त शुद्धलेखन पाहावं. कोणाचा कल चित्राकडे असेल, तर आपल्या गावात १८५४मध्ये स्थापन झालेली कला अकादमी आहे आणि १९९२पासून एचएफजी ही डिझाइनची उच्च शाळाही. तिथे माप्पे म्हणजे स्वतःच्या कामांचा संच. फक्त सुंदर चित्रं भरू नयेत. कच्ची रेखाटनं आणि अर्धवट वाटलेले प्रयोगही ठेवावेत, कारण मूल विचार कसा करतं ते त्यांतच दिसतं.

आपल्या मंडळालाही एक विनंती. मराठी वर्गात शिकवणाऱ्या, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, मंच उभारणाऱ्या प्रत्येकाला वर्षाच्या शेवटी तारखा आणि कामाच्या तपशिलासह एक सही-शिक्क्याचं पत्र द्यावं. शाल-श्रीफळ एकदाच होतं, हे पत्र माप्पेत राहील. दिवाळीच्या आवराआवरीत या वर्षी कपाटाचा वरचा कप्पा आधी काढा. जुन्या पाकिटांतली धूळ झटका आणि ज्या वर्षांचा कागद नाही, त्या वर्षांत आपण काय काय केलं ते एका कोऱ्या पानावर मराठीतच लिहून काढा. जर्मन नंतर करता येईल.