मन भटकणारच, परत यायला शिका

आज एका फोनपासून सुरुवात करतो.

मी हैदराबादला, आई सोलापूरला. रोज रात्री आमचं बोलणं होतं. एकदा बोलता बोलता मी ऑफिसचे मेल वाचत होतो. आई म्हणाली, "अरे, सकाळी न्हाणीत पाय घसरला. कंबर दुखतेय." मी म्हणालो, "हां, छान." पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "कामात असशील तू. ठेवते मी." फोन ठेवल्यावर मिनिटभराने ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. कान तिथे होते, मी नव्हतो.

हे आपल्या सगळ्यांचंच होतं. २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे २,२५० लोकांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारलं होतं: आत्ता काय करताय? मन कुठे आहे? कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन भटकत असताना माणसं कमी आनंदी होती. अगदी छान छान गोष्टींत मन रमलं, तरी ती हातातल्या कामात असतानापेक्षा जास्त आनंदी नव्हती.

मग विचार बंद करायचे का? नाही. इथेच बरेच जण चुकतात. पाच मिनिटं डोळे मिटून बसतात, विचार येतात, आणि "आपल्याला हे जमणार नाही" म्हणून उठतात.

आज ज्याला माइंडफुलनेस म्हणतात, त्यासाठी पालीमध्ये शब्द आहे 'सति', म्हणजे संस्कृतातली 'स्मृती'. आठवण. मी आत्ता कुठे आहे, काय करतोय, याची आठवण. आणि आठवण तर विसरल्यावरच येते ना! म्हणून मन भटकणं हे अपयश नाही. भटकल्याचं लक्षात येणं, हाच सराव आहे. इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर असतं. तिथेही पहिले तीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो.

घरी असं करा. १० मिनिटं बसा, खुर्चीवर बसलात तरी चालेल. नाकपुडीशी श्वास जाणवतो तिथे लक्ष ठेवा. श्वास मुद्दाम लांबवू नका. मन हप्त्याकडे, मुलांच्या परीक्षेकडे गेलं की मनात म्हणा, "विचार", आणि परत श्वासाकडे या. स्वतःवर चिडू नका. वीसदा गेलं तर वीसदा परत या. व्यायामात वजन उचलतो तसं, प्रत्येक परत येणं म्हणजे एकदा वजन उचलणं.

एक सूचना. डोळे मिटून बसल्यावर घाबरल्यासारखं होत असेल, जुने आघात वर येत असतील, तर ताणू नका. थांबा, डॉक्टरांशी बोला.

आणि उद्याचं नियोजन करूच नये, असं नाही. करा, पण त्या वेळी तेच करा.

त्या रात्री मी आईला परत फोन लावला. लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, "आई, कंबरेचं काय झालं ते पुन्हा सांग." ती अर्धा तास बोलली.

आज तुम्हीही एक फोन असा करा. दुसरं काही न करता. भेटू पुढच्या भागात.