घोडवाटांवरची दोन चाकं

इंग्लंडमध्ये गाव संपलं की कुंपणाच्या खांबावर तळहाताएवढी गोल चकती ठोकलेली दिसते आणि तिच्यावर बाण. पिवळा बाण म्हणजे पायवाट, तिथे सायकलला मुभा नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, आपल्या भाषेत सरळ घोडवाट. पंधरा वर्षं या देशात माउंटन बाइक चालवते आहे, तरी निळा बाण दिसला की मला अजून बरं वाटतं. त्या वाटेवर सायकलने जाणं हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

हा हक्क १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने दिला. अट एकच: पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. माउंटन बाइक तेव्हा जन्मालाही आली नव्हती. साध्याच सायकली डोंगरात नेणारे हौशी लोक मात्र होते, त्यांनी १९५५ साली लेम्स्टरच्या एका पबमध्ये जमून रफ-स्टफ फेलोशिप काढली. वाट असेल तिथे चालवायची, नसेल तिथे सायकल खांद्यावर. वाटा त्यांच्याही आधीच्या. लोकर, मीठ, चुना, शिसं वाहणाऱ्या तट्टांनी, गुरं हाकत नेणाऱ्यांनी, खाणीवर जाणाऱ्यांनी त्या पाडल्या. म्हणून एखादी वाट आपल्याला झेपेल का, हे ठरवताना मी दोनच गोष्टी आधी बघते: ती कुणी पाडली आणि तिच्याखाली दगड कोणता आहे.

नवख्याने दक्षिणेतून सुरुवात करावी. विंचेस्टरपासून ईस्टबर्नच्या समुद्रापर्यंत १६० किलोमीटर जाणारा साउथ डाउन्स वे सायकलला जवळजवळ सगळा खुला आहे. खाली खडूचा दगड. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाहूनही जुना, समुद्रतळावर सूक्ष्म जिवांच्या कवचांचे थर साचून झालेला. कोरड्या जून महिन्यात तो पक्का असतो, चाक नुसतं पळतं. पूर्वेकडे जाताना डाव्या हाताला खोल खाली शेतं, उजवीकडे समुद्राची चकाकती रेघ, कडेला मेंढ्यांनी कुरतडून आखूड ठेवलेलं गवत. डेव्हिल्स डाइक ते डिचलिंग बीकन एवढाच तुकडा केला तरी या डोंगरांची ओळख होते. मधे पाइकूमला उतरून पुन्हा चढावं लागतं, आणि सबंध मार्गाचं हेच आहे. कुठलाच चढ भयंकर नाही, पण उतरणं-चढणं संपतही नाही.

पावसाची सर येऊन गेली की तोच खडू साबणासारखा निसरडा होतो. टायरच्या खाचांत पांढरी कणीक भरत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. त्यात मधूनमधून चकमकीचे दगड डोकं वर काढून असतात. अश्मयुगात माणसाने ज्यांची हत्यारं केली ते हेच दगड, आणि त्यांची धार अजून गेलेली नाही. एका ऑक्टोबरात माझा टायर बाजूने चांगला दोन बोटं चिरला गेला. पाच पौंडांची प्लास्टिकची नोट घडी करून आतून लावली, वर नवी ट्यूब चढवली आणि तशीच स्टेशनपर्यंत आले. ती नोट मी अजून जपून ठेवली आहे. पावसाळी आठवड्यात मी खडूवर जातच नाही. सरे हिल्स गाठते. लीथ हिल, होमबरी हिल या टेकड्या वालुकाश्माच्या, पाणी धरत नाहीत. म्हणून लंडनची सायकल मंडळी हिवाळाभर पीसलेक गावात दिसतात.

घोडवाटेवर चढ-उताराची प्रत सांगणारी पाटी नसते. ती हवी असेल तर सरकारी जंगलात जावं. पहिल्या महायुद्धाने देशातलं लाकूड संपवत आणलं, तेव्हा १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि माळरानांवर, दलदलींवर मैलोन्‌मैल सूचिपर्णी झाडं लागली. त्याच जंगलांत आज सायकलसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटा आहेत. हिरवी सगळ्यात सोपी, मग निळी, लाल आणि काळी. पूर्वेचं थेटफर्ड सपाट आणि वाळूचं. लहान मुलांना तिथेच न्यावं. नॉर्थंबरलंडच्या किल्डरला तलावाभोवतीचा ४२ किलोमीटरचा फेरा दमवतो, पण घाबरवत नाही. यॉर्कशरच्या डॅल्बीत २०१० आणि २०११ साली विश्वचषकाच्या फेऱ्या झाल्या, तर कॅनॉक चेसला २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडच्या एव्ही रिचर्ड्सने सुवर्णपदक घेतलं. घरी रोज व्यायाम करणाऱ्या धडधाकट पाहुण्यालासुद्धा मी आधी निळ्या वाटेवरच नेते. छातीत दम असणं वेगळं आणि ओल्या मुळांवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही हे हाताला कळणं वेगळं.

माझा जीव मात्र पेनाइन डोंगरात आहे. इथला दगड ग्रिटस्टोन, खरखरीत, पावसातही टायरला धरून ठेवणारा. त्यावर पीटची काळी, पाणी पिऊन बसलेली जमीन. तिच्यात तट्टू पोटापर्यंत रुतू नये म्हणून जुन्या लोकांनी एकापुढे एक फरशा टाकल्या, अवघ्या हात-सव्वा हात रुंदीच्या. शेकडो वर्षांच्या टापांनी त्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्या आहेत. चाक त्या पन्हळीत बसतं आणि मग बाहेर काढता येत नाही. नजर दहा हात पुढे ठेवायची, हँडल सैल धरायचं. पहिल्या वर्षी मी तिथे तीनदा पडले, तिन्ही वेळा चाकाकडे बघत होते म्हणून.

याच भागात मेरी टाउनली लूप आहे, ७५ किलोमीटरचा फेरा. लेडी मेरी टाउनली या घोडेस्वार बाईंनी १९८६ साली नॉर्थंबरलंडपासून डर्बीशरपर्यंत घोड्यावरून प्रवास केला, घोडवाटा किती बुजल्या आहेत हे लोकांपुढे आणायला. त्यातून पेनाइन ब्रायडलवेची मागणी जोर धरू लागली. त्यांच्या नावाचा फेरा २००२ साली खुला झाला तेव्हा त्या हयात नव्हत्या. आज त्या वाटेवर घोड्यांइतक्याच सायकली दिसतात. वाट टॉडमॉर्डनच्या खोऱ्यात उतरते, तिथे कापडगिरण्यांची धुराडी अजून उभी आहेत. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबई बंदरातून गाठीच्या गाठी रवाना झाल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या धुराड्यांजवळ थांबून पाणी पिताना मला गिरणगाव आठवल्यावाचून राहत नाही. नवख्याने हा फेरा दोन दिवसांत करावा. एका दिवसाचा हट्ट धरू नये, कारण दर खोऱ्यात तळाला उतरून पुन्हा माथा गाठायचा असतो.

तिथून दक्षिणेला पीक डिस्ट्रिक्टमध्ये दोन टोकं शेजारी-शेजारी नांदतात. मॉन्सल ट्रेल हा जुना रेल्वेमार्ग. त्याचे बोगदे २०११ साली उघडले आणि सत्तरीतली माणसंही त्यातून मजेत जातात. तिथून फार लांब नाही तो जेकब्स लॅडर, जिथे सुटे धोंडे पायाखालून घरंगळतात आणि अनुभवी माणूसही बऱ्याच ठिकाणी उतरून चालतो. लेक डिस्ट्रिक्टबद्दल एवढंच सांगते: ९५० मीटरच्या हेलवेलिनवर घोडवाट जाते हे खरं, पण हवा तासाभरात पालटते, आणि नकाशा, शिट्टी, गरम कपडे नसतील तर ग्रिझडेलच्या जंगलातच थांबावं.

ज्यांचे गुडघे थकले त्यांच्यासाठी विजेची सायकल आहे: २५० वॅटची मोटर, ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, वय किमान १४. ती घोडवाटेवर कायद्याने चालते. पाय न चालणाऱ्यांच्या हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलींनाही पायवाटेपेक्षा घोडवाट सोयीची, कारण घोडा पायऱ्या चढून कुंपण ओलांडत नाही. तिथे फाटकच हवं, आणि तेही निदान ५ फूट रुंद.

एवढं असूनही इंग्लंडमधल्या हक्काच्या वाटांपैकी जेमतेम एक-पंचमांश वाटांवर सायकल नेता येते. स्कॉटलंडने २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळजवळ सगळी रानं मोकळी केली आणि तिथे काही आभाळ कोसळलं नाही. कितीतरी रुंद, पक्क्या वाटा इकडे नकाशावर पायवाट म्हणून नोंदल्या गेल्या आणि कायमच्या बंद राहिल्या. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मागच्या मार्चमध्ये मेरी टाउनली फेऱ्यावर संध्याकाळी समोरून घोडा आला. मी लांबूनच थांबले, एक पाय टेकवला आणि मोठ्याने ‘हॅलो’ म्हटलं. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही. आमच्या मधे फाटक होतं. घोडवाटेच्या फाटकाला कडीचा दांडा उंच असतो, खोगिरावरून हात पोचेल असा. त्या बाईने बसल्या जागेवरून दांडा ओढला, घोडा एका अंगाला वळवला आणि फाटक धरून ठेवलं. नियमाने आधी तिने जायचं. तिने मान हलवून मलाच पुढे व्हायची खूण केली.