कांद्याला सुटलेले पाणी

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात रब्बीचा गावरान कांदा उन्हाळ्यात काढून चाळीत भरला जातो आणि पावसाळ्यात घरोघरी तळल्या जाणाऱ्या भज्यांना बहुधा हाच कांदा लागतो. याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने साठवणीत टिकणारा एन-२-४-१ हा कांद्याचा वाण प्रसारित केला, तसेच विजय, दिग्विजय हे हरभऱ्याचे वाणही. कांदा आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ यांच्या मिलाफातून होणाऱ्या खेकडा भज्यांचा कुरकुरीतपणा मसाल्यापेक्षा पाण्याच्या ये-जा करण्यावर अवलंबून असतो.

कांद्यात वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि ते पेशींमध्ये कोंडलेले असते. उभ्या पातळ चिरलेल्या कांद्याला मीठ चोळले, की पेशींच्या बाहेरचे द्रावण आतल्या रसापेक्षा तीव्र होते आणि पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी बाहेर झिरपते. या क्रियेला परासरण म्हणतात, तर स्वयंपाकघरात तिला ‘कांद्याला पाणी सुटणे’ असे नेमके नाव आहे. पीठ याच पाण्यात भिजवावे, वरून पाणी घालू नये, हा जुन्या सुगरणींचा दंडक शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरतो, कारण त्यामुळे पिठाचा लेप पातळ राहतो आणि कांद्याच्या काड्या खेकड्याच्या पायांसारख्या सुट्या राहतात. चाळीत राहिलेला कांदा मुळात थोडा सुकलेला असल्याने त्याला मीठ लावून जरा जास्त वेळ थांबणे इष्ट ठरते.

डाळीच्या पिठात सुमारे एकपंचमांश प्रथिने असतात. मात्र गव्हातील ग्लुटेन, म्हणजे कणीक चिवट करणारे प्रथिन, त्यात नसते, म्हणून हा लेप तळल्यावर खुसखुशीत होतो. कडकडीत तेलाचे मोहन पिठाच्या कणांवर बसून हा गुण वाढवते. खाण्याचा सोडा उष्णतेने कर्बवायू सोडून भजी हलकी करतो, परंतु तो जास्त झाल्यास लेप सच्छिद्र होऊन तेल पितो आणि हळदीचा पिवळा रंग अल्कधर्मामुळे लालसर होतो. खेकडा भज्यांत तो टाळणेच उत्तम.

सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात घाणा सोडला, की १०० अंशांना उकळणारे पाणी वाफ होऊन उसळते. कढईतील बुडबुडे हे तेलाचे उकळणे नसून पाण्याचे निघून जाणे असते. जोवर वाफ जोराने बाहेर पडते, तोवर तेलाला आत शिरण्यास फारसा वाव मिळत नाही. लेपाचा पृष्ठभाग कोरडा पडल्यावरच त्याचे तापमान १०० अंशांच्या बऱ्याच वर जाते आणि प्रथिने व शर्करा यांच्यात ती अभिक्रिया वेग घेते, जिचे वर्णन लुई कामिल माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. भज्यांचा तांबूस रंग आणि खमंग वास मुख्यतः तिचाच.

तेल सर्वाधिक शिरते ते भजी कढईबाहेर काढल्यानंतर. भजी निवू लागताच आतली वाफ आकसते, दाब घटतो आणि पृष्ठभागावरचे तेल छिद्रांत ओढले जाते. म्हणून झाऱ्यावर गरम असतानाच ती नीट निथळून घ्यावी लागतात. गरम भजी डब्यात झाकून ठेवल्यास उरलेली वाफ झाकणावर थंडावून थेंबांच्या रूपाने परत खाली येते, आणि कढईने बाहेर घालवलेले तेच पाणी काही मिनिटांत भजी मऊ पाडते.