बोरीबंदरची आमची बाजू

वडनेर भोलजीला रेल्वे स्टेशन नाही. महामार्ग गावाला लागून जातो, पण गाडी धरायची तर नांदुरा नाहीतर मलकापूर गाठावं लागतं. तरीही आमच्या घरातली म्हातारी माणसं बोरीबंदरचं नाव गावच्या वेशीचं घ्यावं तसं घेत. ‘बोरीबंदरले उतरलो’ एवढं म्हटलं की मुंबई आली. नाव व्हिक्टोरिया टर्मिनस झालं, १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. आमच्या ओट्यावर बोरीबंदरच राहिलं.

त्या स्टेशनाचा इतिहास बहुतेक वेळा मुंबईच्या बाजूने सांगितला जातो. मला तो रुळाच्या दुसऱ्या टोकाकडून, वऱ्हाडातून सांगायचा आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, हे शाळेतलं पोरही सांगेल. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, चौतीस किलोमीटर. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, लॉर्ड डलहौसीने हिंदुस्थानभर लोहमार्ग कसे न्यावेत याचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. देशातला कापूस बंदरापर्यंत आणणं हा त्यातला एक उघड हेतू होता. आणि २१ मे १८५३ ला निजामाशी तह होऊन वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. पाच आठवड्यांत या तीन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता असं म्हणायला माझं मन धजत नाही.

त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई, आणि तोही मुंबईला नव्हे. लमाणांचे तांडे तो पार गंगाकाठच्या मिर्झापूरला नेत. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी तो पहिल्यांदा मुंबईकडे वळवला. वाट मात्र तीच, घाटांची आणि धुळीची. पावसाने गाठलं की माल भिजे, आणि सुका पोचला तरी त्यात माती इतकी, की विलायतेतले गिरणीवाले नाकं मुरडत.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या बोंडाला कधी नव्हता तो भाव आला. रूळ तेव्हा सह्याद्रीशी झुंजत होते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. दर ३७ फुटांमागे एक फूट चढ. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावून तिला वर ढकलतात. डब्यात बसल्या जागी तो मागचा धक्का अंगाला जाणवतो. पुढे खानदेश ओलांडून, मलकापूर, नांदुरा, शेगाव मागे टाकत गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पण तोवर युद्ध संपलं होतं, १८६५ मध्येच भाव कोसळला होता आणि मुंबईच्या सट्टेबाजारात घराणीच्या घराणी बुडाली होती. ज्या तेजीचं सर्वांना वेड लागलं होतं, ती गाडी यायच्या आधीच निघून गेली. आमच्या वाट्याला आले ते रूळ.

ते मात्र टिकले. मुख्य मार्ग पूर्णेच्या सपाटीतून गेल्याने खामगावची मोठी कापूसपेठ बाजूला पडली. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत तेरा किलोमीटरचा फाटा टाकला आणि मार्च १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! कापसाचं वजन किती होतं ते यावरून कळतं. फाट्यावर आजही छोटी गाडी धावते. खामगावच्या पुढे जालन्याकडे रूळ काही गेले नाहीत.

आता इमारत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ मध्ये काम सुरू केलं, ते दहा वर्षं चाललं, खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. नाव १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं. दगडातले मोर, माकडं, पानं कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २ जुलै २००४ ला ती जागतिक वारसा ठरली. कापसाच्या गाठी काही या नक्षीखालून गेल्या नाहीत. मालाचे धक्के वेगळे होते. पण हे रूळ टाकणाऱ्या जीआयपी कंपनीच्या भांडवलाला सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती, आणि तूट आली की ती भरायची रयतेच्या महसुलातून. वर भाड्याचा पैसा गाठींचा. म्हणून मी त्या इमारतीला परकी मानत नाही.

माझं म्हणणं पटत नसेल त्याने वर पाहावं. मधल्या घुमटावर ‘प्रगती’ उभी आहे, उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. तिच्याकडे सगळे बघतात. पण खालच्या त्रिकोणी शिखरांवर थॉमस अर्पने घडवलेल्या आणखी मूर्ती आहेत: व्यापाराची, अभियांत्रिकीची आणि शेतीची. शेतीची मूर्ती मी पहिल्यांदा ओळखली तेव्हा आमच्याकडची सीतादही आठवली. वेचणीच्या पहिल्या दिवशी बाया पऱ्हाटीची पूजा करतात, दहीभात शिंपडतात, आणि मगच पहिलं बोंड ओटीत पडतं. तिथून निघालेला कापूस सरकी काढून, दाबून, गाठ बांधून या शहराकडे जात होता. हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. कुलाब्याचा कापूस बाजार १९२० च्या दशकात शिवडीकडे हलला, त्याची ती खूण.

आज बोरीबंदरला अठरा फलाट आहेत, पहिले सात लोकलचे, उरलेले लांबच्या गाड्यांचे. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला इथूनच कुर्ल्याला गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच फलाटांजवळ गावी निघालेली माणसं गोळ्यांना बळी पडली. त्यांच्या हातातही आपल्यासारखीच बोचकी होती, हे मला कधी विसरता येत नाही.

संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस लागते. फलाटावर आमची बोली कानावर पडते, ‘काय बा, मलकापूरले का?’ अनोळखी माणसं जागा सरकवून घेतात, कुणी भाकरीचं फडकं सोडतं. इगतपुरीला चढ संपतो आणि डबा निजतो. भुसावळ गेलं की कोपऱ्यातला म्हातारा कुणी न उठवता जागा होतो, धोतर सावरतो आणि बाकाखालची पिशवी चाचपतो.