पिशवीचं तोंड उघडलं, म्हणजे कळा आल्या का?

नववा महिना भरत आला की तपासणीत ‘पिशवीचं तोंड एक बोट उघडलंय’ असं कळतं आणि घरात बॅग भरायची घाई सुरू होते. ही घाई बहुधा अनाठायी असते. गर्भाशयमुख मुख्यतः कोलॅजनच्या तंतूंचं बनलेलं असतं. कळांच्या कितीतरी आधीपासून त्यांची घट्ट वीण सैल होते, ऊतींतलं पाणी वाढतं आणि मुख मऊ, आखूड होत जातं. आधी बाळंतपण झालेल्या बाईचं मुख एक-दोन सेंटिमीटर उघडं राहूनही आठवडे निघून जातात. उलट, मिटलेलं मुख असताना त्याच रात्री कळा सुरू होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीचा सक्रिय टप्पाच ५ सेंटिमीटरपासून धरला.

मग तपासायचं कशाला? कळा औषधाने आणायच्या असतील, तर मुखाची तयारी पाहावीच लागते. एडवर्ड बिशप यांची १९६४ची गुणपद्धत आजही मुख्यतः त्यासाठीच वापरतात. ३७ आठवड्यांआधी मात्र हेच बदल अकाली प्रसूतीची सूचना असू शकतात, तिथे वाट पाहणं चूक. आणि पाणी गेलं, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मुख किती उघडलंय याचा हिशेब न करता दवाखाना गाठायचा.